चटणीचा ठसका

रियाधच्या आमच्या घरात दमा होता, पण दमा हा शब्द नव्हता. आई त्याला 'हवा सोसत नाही' म्हणायची, बाबा 'तुझं ते' म्हणायचे, आणि पाहुण्यांसमोर माझी छाती वाजायला लागली की दोघंही एका सुरात 'हिला सर्दी फार लवकर होते' असं सांगून विषय बदलायचे. मी स्वतः त्याला काहीच म्हणत नसे. लहानपणीच जडलेलं ते दुखणं पंधराव्या वर्षापर्यंत पुरतं अंगवळणी पडलं होतं. जिना चढताना थांबावं लागलं की मी वाकून बुटाची नाडी बांधायची. माझ्या नाड्या कायम सुटायच्या अशी शाळेत ख्याती होती. हसायचं ते तोंड मिटून, कारण मोकळं हसलं की खोकला मागोमाग हजर. लांब वाक्य मध्येच तुटणार हे आधीच कळायचं, म्हणून छोटी छोटी वाक्यं बोलायची. शाळेतल्या बाईंना वाटे मुलगी मितभाषी आहे, आणि प्रगतिपुस्तकात तसा कौतुकाचा शेरा येई. माझ्या हल्लीच्या घरातल्यांना हा शेरा दाखवला, तेव्हा जावई इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा पसरलेलं. गालिचा हा माझा वैरी आणि घरमालकाचा अभिमान. तो काढून टाकू का, असं आईनं एकदा विचारलं, तर तो भला माणूस असा दुखावला की तिनं पुन्हा नाव काढलं नाही. त्याऐवजी ती रोज ओल्या फडक्यानं गालिचा टिपून काढायची, दर आठवड्याला एसीची जाळी धुवायची, वाळूचं वादळ येणार असं वाटलं की दारांच्या फटींत जुने टॉवेल कोंबायची. लिफ्टमध्ये कुणी ऊद जाळून गेलं असेल, तर मला आपल्या अबायाच्या बाहीआड नाक धरायला लावून जिन्यानं न्यायची. हे सगळं न बोलता. माझ्यासाठी ती किती करते हे मला दिसत होतं, फक्त त्यावर बोलायची सोय नव्हती. मुलीची जात, उद्या स्थळं बघायची, आत्ताच कशाला बभ्रा, असं तिचं गणित. सकाळी चहा देताना ती विचारायची, 'बरी आहेस ना?' आणि तेव्हा तिचा चेहरा असा असायचा, की 'हो' सोडून दुसरं काही म्हणणं म्हणजे तिच्या हातातला कप पाडणं.

कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी संपवून आम्ही कोल्हापूरहून नुकतेच परतलो होतो. ओळखीतली बरीच कुटुंबं मिळेल त्या विमानानं भारतात गेली. आमच्याकडे रोज जेवताना त्यावर चर्चा व्हायची. बाबा एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते, त्यांना सुटणं शक्य नव्हतं. शेवटी एकदा त्यांनी निकाल दिला, की तूर्त तिघंही इथंच राहू, पण मंजूचं ते वाढलं, तर पहिल्या विमानानं तुम्ही दोघी कोल्हापूरला. युद्धात इथं दवाखाने धुंडाळत बसायला नको. मंजू म्हणजे मी. त्या दिवसापासून माझा दमा खडखडीत बरा झाला. म्हणजे घरच्यांपुरता.

कोल्हापूर मला आवडत नव्हतं असं नाही. पण तिथं काकांच्या घरी पाऊल टाकलं की मी मंजू राहायचे नाही, आजारी पोरगी व्हायचे. भर मे महिन्यात गळ्याभोवती मफलर यायचा. एक काकू अडुळशाचा रस घेऊन पाठीमागे, दुसरी गरम तेल घेऊन, आणि गल्लीतली प्रत्येक बाई माझ्याकडे बघून 'च्' करून जायची. चुलत भावंडं रंकाळ्यावर जायची आणि मी गॅलरीत खुर्चीवर बसून ती परत यायची वाट बघायची. उसाच्या हंगामात गुऱ्हाळांचा धूर निघाला की तेवढीही मुभा नाही. रियाधमध्ये कुणालाच काही ठाऊक नव्हतं, म्हणून तिथं मी चारचौघींसारखी होते. शिवाय बाबांना एकटं टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्यांना चहासुद्धा धड करता येत नसे. पातेलं जळल्याचा वास आला की ते रेडिओचा आवाज वाढवायचे.

थंडी आली, आणि थंडीबरोबर युद्ध. शाळा बंद झाली. बाबांनी तपकिरी चिकटपट्टीची रिळं आणून खिडक्यांवर प्लास्टिक लावलं आणि झोपायच्या खोलीला 'सुरक्षित खोली' असं भारदस्त नाव दिलं. विषारी वायूच्या भीतीनं बँकेनं तिघांना तीन मास्क दिले होते. बाबांनी त्यांतला एक घालून आरशात पाहिलं आणि आपण हत्तीच्या पिल्लासारखे दिसतो असं जाहीर केलं. भोंगा वाजला की आम्ही त्या खोलीत जमायचो. बाबा रेडिओ घेऊन, मी उशी घेऊन, आई शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन, कारण भीतीनं भूक लागते असा तिचा अनुभव होता आणि तो खराही निघाला. लांब कुठंतरी दणका झाला, की काचा थरथरायच्या, आई देवाचं नाव घ्यायची आणि बाबा लाडू. आज सांगते तर नातवंडांना ती सहल वाटते. खरं सांगायचं तर मलाही ती तेव्हा पुष्कळदा तशीच वाटायची.

रात्री तिघंही तिथंच झोपायचो, फक्त ती बंद खोली माझ्या छातीला मानवत नव्हती. चिकटपट्टीचा वास, कपाटातल्या डांबरगोळ्या आणि तिघांचे श्वास. पहाटे जाग यायची ती छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखी. मग मी उठून न्हाणीघरात जायची, नळ सोडायची, आणि त्या आवाजाआड निळा पंप ओढायची. पंप म्हणजे तोंडात फवारा मारायचं औषध. आता सगळे इनहेलर म्हणतात. मग टबाच्या काठावर कोपर गुडघ्यांवर टेकून बसायचं, श्वास सैल होईपर्यंत. बाहेर येऊन केसांवर टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे अंघोळ लवकर उरकली असं वाटावं. आई कौतुकानं म्हणायची की युद्धानं मुलीला शिस्त लावली. त्या हिवाळ्यात माझ्याइतकं स्वच्छ कुणी रियाधमध्ये नसेल.

आता चटणीचं. कोल्हापुरात चटणी म्हणजे तोंडीलावणं नव्हे, तर कांदा, लसूण आणि खडे मसाले घालून केलेलं वर्षाचं लाल तिखट. ते घरात नसणं म्हणजे घरात मीठ नसण्यासारखं. दर सुट्टीत आई कोल्हापूरहून भलामोठा डबा भरून आणायची आणि तो पुढच्या सुट्टीपर्यंत पुरवायची. त्या वर्षी पुरला नाही. त्याचं कारण म्हणजे आमचे शुक्रवारचे पाहुणे. कुवेतच्या सरहद्दीकडे, हफ्र अल बातिनच्या बाजूला काम करणारे तीन-चार कोकणी वेल्डर आणि फिटर कंपनीनं रियाधच्या कॅम्पात आणून ठेवले होते. बथ्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या भावावरून ते आपसांत मराठीत वाद घालत होते, तो बाबांच्या कानावर पडला आणि बाबा त्यांना थेट जेवायलाच घेऊन आले. मग दर शुक्रवारी मटणाचा रस्सा ठरून गेला. घरच्यांच्या आठवणीनं व्याकूळ झालेली ती माणसं रश्शाचा पहिला भुरका मारून डोळे पुसायची, आणि तिखटामुळं पुसले असं म्हणायची. आईला त्यांचा लळा लागला. आणि डब्याचा तळ दिसू लागला.

मिरच्या बथ्यात मिळाल्या. कुटायला डंख, म्हणजे मिरची कांडायचं यंत्र, नाही, पण मिक्सर होता. अडचण एकच, मिक्सरमध्ये वाटायच्या तर मिरच्या कडकडीत हव्यात. एरवी रियाधच्या गच्चीवर अर्ध्या दिवसात काम झालं असतं, पण त्या वर्षीची थंडी ढगाळ, मधूनच भुरभुर पाऊस, आणि इमारतीच्या हारिसनं, म्हणजे राखणदारानं, युद्ध सुरू झाल्यापासून गच्चीला कुलूप घातलेलं. तेव्हा मिरच्या कढईत भाजणं आलं. हे काम काय असतं ते ज्याच्या घरात झालंय त्याला सांगायला नको. कोल्हापुरात चटणीच्या दिवशी मला पार दुसऱ्या पेठेत आत्याकडे धाडायचे.

गुरुवार होता. बाबांची अर्ध्या दिवसाची बँक, दुसऱ्या दिवशी पाहुणे. आईनं मिरच्यांचे देठ खुडून ठेवले होते, पण गॅस पेटवायला हात धजेना. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुला सोसेल ना गं?" तिनं विचारलं. "नाहीतर राहू दे. उद्या पिठलं करते की त्यांना."

"अगं, कधीपासून काही नाही मला," मी म्हणाले. "विसर आता ते."

ती इतकी आनंदली, की आजही तो चेहरा आठवला तर मला कसंतरी होतं. तरी खबरदारी म्हणून तिनं मला वरच्या मजल्यावर नसीम आपांकडे जाऊन बसायला सांगितलं. घरात धूर नको म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद केलं आणि खिडकीवरचं प्लास्टिक तेवढ्यापुरतं सोडवून खिडकी सताड उघडी ठेवली. एकंदरीत सुगृहिणीला शोभेल असा बंदोबस्त. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आमच्या इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच अरुंद, उभ्या बोळकांडीत उघडत होत्या.

नसीम आपा हैदराबादच्या. त्यांचे यजमान राशिदभाई टायरच्या कंपनीत हिशेब बघायचे आणि त्यांना गुरुवारीही सुट्टी असे. घरात राशिदभाईंची अम्मी होती, तिला सगळे दादी म्हणत. दादीला लुडोचं वेड होतं आणि हरायची सवय नव्हती. मी गेले तेव्हा तिनं पट मांडूनच ठेवला होता. पंप मी मुद्दाम घरी ठेवून आले होते. आपा रोज जिन्यात भेटल्या की विचारायच्या, कैसी है बेटी, आणि मी रोज म्हणायची, एकदम ठीक. अशा घरी पंप घेऊन जाणं म्हणजे आपणच आपलं बिंग फोडणं.

डाव रंगात आला असताना आपा स्वयंपाकघरात खोकू लागल्या. पाठोपाठ समोरच्या घरात कुणी खोकलं, मग खालून, मग आणखी वरून. दादी शिंकली आणि त्या गडबडीत माझी सोंगटी मारून गेली. सगळी इमारत एकाच वेळी खोकते आहे हे कळायला काही क्षण लागले, आणि तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मिस्री, म्हणजे इजिप्तच्या, गृहस्थांचा आवाज बोळकांडीतून वर आला, "ग़ाज़, ग़ाज़". त्या दिवसांत हा अरबी शब्द आम्हा सगळ्यांना समजायचा. विषारी वायूची भीती तर रोजचीच होती. भोंगा वाजला नव्हता, पण वायू काही भोंग्याची वाट बघत नाही, असं तेव्हा जो तो सांगत होता.

राशिदभाईंनी या प्रसंगाची तालीम घरच्यांकडून कितीदा तरी करून घेतली असावी. त्यांनी अम्मीला उचललंच, बायकोला आणि मला पुढं घातलं, आतल्या बंद खोलीत नेलं, दार लावून सगळ्या फटींवर चिकटपट्टी मारली आणि खाली ओला टॉवेल दाबला. आपांनी ओले रुमाल वाटले. तोवर माझी छाती आवळत चालली होती. आधी खोकला, मग ती ओळखीची शिट्टी, मग खांदे वर उचलून घेतलेला अर्धा श्वास. राशिदभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पांढरेफटक पडले. पोरीला वायू लागला, असं त्यांना वाटलं. दुसरं काय वाटणार? त्यांच्या कंपनीनं नोकरापुरता एकच मास्क दिला होता. तो त्यांनी कपाटावरून काढला आणि अम्मीला नाही, बायकोला नाही, स्वतःला नाही, माझ्या तोंडावर चढवला.

ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना हसत सांगितली आहे, पण इथं आले की मला थांबावं लागतं. आपण मरणार अशी ज्या माणसाची खात्री झाली होती, त्यानं घरातला एकुलता एक मास्क शेजारच्या मुलीला दिला. आणि त्या मास्कमध्ये मला होता तेवढाही श्वास घेता येईना. रबर नाकातोंडावर बसलं, आतली हवा जड, बाहेरची ओढायला छातीत जोर नाही. मी तो ओढून काढला. त्यांनी परत चढवला, मायेनं, जबरदस्तीनं, "नहीं बेटा, नहीं" असं म्हणत. मी परत काढला. माझा पंप एक मजला खाली, उशीखाली होता. मध्ये चिकटपट्टी मारलेलं एक दार, आणि ते न उघडण्यातच या माणसांना आपला जीव वाटत होता.

"गैस नहीं," मी म्हणाले. एका श्वासात तेवढंच बसलं. "मिर्ची. नीचे. मेरी मम्मी."

"मैं कब से बोल री हूँ," दादी रुमालाआडून म्हणाली, "मिर्ची जल री किसी की. मेरी कोई सुनता नै."

"तो इस बच्ची को क्या हुआ?" राशिदभाई म्हणाले. "मिर्ची से ऐसा होता क्या?"

"दमा है मुझे," मी म्हणाले.

तो शब्द माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघाला, आणि तोही परक्या घरात, परक्या भाषेत. नसीम आपा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. त्या म्हणाल्या, तू तो रोज बोलती, एकदम ठीक हूँ बोल के. सहा महिने मी या बाईला रोज एक गोष्ट सांगितली होती, आणि आज बरोब्बर उलटी सांगून तिच्या घराचं दार उघडायला लावत होते. राशिदभाईंचा एक हात दारावर होता आणि डोळे माझ्यावर.

"बेटा, पक्का बोल," ते म्हणाले. "दरवाज़ा खुलेगा तो सबके लिए खुलेगा."

"रोज झूठ बोलती थी," मी म्हणाले. मग एक श्वास. "ये सच है." आणखी एक. "मेरी दवा नीचे है. तकिये के नीचे."

त्यांनी माझ्याकडे जेमतेम पळभर पाहिलं असेल. मग पट्टी टरकन ओढली आणि खाली पळाले. मास्क माझ्या मांडीवरच राहिला. तो बरोबर न्यावा हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि आमच्याही. आपा मला पाठीशी घेऊन बसल्या. दादी मोठमोठ्यानं दुवा मागत होती आणि मधूनच शिंकत होती. नंतर कळलं, की आईला या कशाचाच पत्ता नव्हता. धूर बाहेर फेकणारा पंखा आणि कढई यांच्या आवाजात ती तोंडाला पदर बांधून शेवटचा घाणा परतत होती. दार धडाधड वाजलं म्हणून तिनं उघडलं, तर समोर राशिदभाई. पुढच्या क्षणी ती माझ्यासमोर होती, एका हातात पंप, दुसऱ्या हातात उलथणं, डोळे लाल आणि अंगाला असा वास, की ती आत आली आणि सगळी खोली पुन्हा खोकू लागली.

पंपानं काम केलं, जरा सावकाश, पण केलं. दरम्यान मिस्री गृहस्थांनी फोन केला होता आणि एक सरकारी गाडी दारात येऊन उभी राहिली. दोन जवान नखशिखान्त पोशाख चढवून आमच्या स्वयंपाकघरात शिरले. आईनं त्यांना कढई दाखवली आणि आपल्याला येत असलेला जवळजवळ एकमेव अरबी शब्द उच्चारला, "फिलफिल", म्हणजे मिरची. थोरल्यानं मास्क वर करून वास घेतला, चांगलाच ठसकला, डोळे पुसले आणि हसत हसत जिना उतरला. जाताना, आता भाजणं खलास, असं त्यानं बजावलं. हारिसनं त्याच दिवशी गच्चीची किल्ली आईच्या हातात आणून दिली. पुढचं सगळं भाजणं तिनं उघड्यावर, आकाशाखाली करावं, असं इमारतीचं एकमत झालं होतं. शुक्रवारचा रस्सा ठरल्याप्रमाणे झाला, आणि दादीनं एक बरणी मागून नेली.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी आम्ही दोघी घरी आलो, सगळ्या खिडक्यांचं प्लास्टिक फाडून टाकलं आणि थंडीत कुडकुडत बसलो. आई आधी चिडली. मी विचारलं होतं ना तुला, दारात उभी राहून विचारलं होतं ना, असं पुन्हा पुन्हा म्हणाली. मग रडली. माझ्या हातानं मी तुला मारलं असतं आज, म्हणाली. मीही रडले. तुला जे ऐकायचं होतं तेच मी सांगत होते, असं मी म्हणाले, आणि ते तिला लागलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, माझे केस मागं सारले आणि म्हणाली, बाबांना मात्र यातलं काही सांगायला नको, त्यांच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे? सवय अशी असते. मी चक्क मान डोलावली.

बाबांना जिन्यातच सगळं कळलं होतं. राशिदभाईंनी त्यांना खालच्या दारापाशी गाठलं होतं. ते आत आले, बूट काढले आणि खुर्ची सोडून माझ्याजवळ गालिच्यावर बसले. आईनं पानं घेतली, पण कुणी जेवायला सुरुवात करेना.

कधीपासून, असं त्यांनी विचारलं. थंडी सुरू झाल्यापासून, मी म्हणाले. रोज? बहुतेक रोज, पहाटे जास्त. मग बोलली का नाहीस? मी म्हणाले, बोलले असते तर तुम्ही आम्हाला पाठवून दिलं असतं. दमा शब्द उच्चारून झाला होता, मास्क काढून झाला होता, आता घाबरायला फारसं काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, मला दम्याचा त्रास होतोय. आणि मला इथंच राहायचंय. दोन्ही खरं आहे."

इतके महिने मला वाटत होतं, की पहिलं वाक्य बोललं की दुसरं बोलायचा हक्क जातो. आजही दवाखान्याच्या बाकावर आपलं दुखणं निम्मं करून सांगणाऱ्या बायका दिसतात, तेव्हा मला कळतं की दुसरं एखादं वाक्य त्या जपून ठेवताहेत. घरी जायचंय, कामावर जायचंय, लेकाचं लग्न पाहायचंय. दोन्ही सांगा, असं त्यांना सांगावंसं वाटतं, आणि मी सांगतेही. सगळ्याच ऐकतात असं नाही.

बाबा आपल्या पानाकडे बघत होते. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

आईचा हात भाताच्या पातेल्यात तसाच राहिला.

"पहाटे तुझा श्वास मला ऐकू यायचा. मी कूस बदलून पडून राहायचो," ते म्हणाले. "विचारलं असतं तर तुम्हाला पाठवावं लागलं असतं. सगळ्यांनी आपापली माणसं पाठवली, मलाही पाठवायला हवी होती. पण मला इथं एकट्यानं राहायची भीती वाटत होती, मंजू."

बाबांना कशाची भीती वाटते हे मला तोवर माहीतच नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो पुढं कधीतरी थोडा आलाही. त्या क्षणी मात्र मला फक्त एवढंच कळलं, की बाबांना मी हवी होते, दम्यासकट हवी होते, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"म्हणजे," आई पातेलं खाली ठेवत म्हणाली, "या घरात फसले ती मी एकटीच."

ती आधी हसली, मग बाबा, मग मी. मी तोंड उघडून हसले, खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत दोघंही माझ्याकडे बघत राहिले, नजर न चुकवता. विमानं त्या दिवसांत बंदच होती. सुरू झाली की काय ते तिघांनी मिळून ठरवायचं, आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन सगळं पहिल्यापासून सांगायचं, असं बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आत्ता कशी आहेस. कशी आहे हे आधी बघावं लागलं. मी एक श्वास घेऊन पाहिला.

"छाती जड आहे अजून," मी म्हणाले. "पण सकाळपेक्षा बरी आहे."

बाबांनी मान डोलावली आणि घास उचलला. मग तो तसाच हातात धरून, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "मी आज जरा घाबरलेला आहे."

"मीपण," आई म्हणाली, आणि तिनं आमच्या दोघांच्या पानांत भात वाढला.